झाकणाखालची खार

आमच्या गावात नवीन कोनशिला बसली की दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरमामा तिच्यासमोर येऊन उभे राहायचे. कपाळाला विभूती, कानावर ब्रश, अंगात रंगाचे शिंतोडे उडालेली बंडी. हात लांब करायचे, एक डोळा मिटायचे आणि बोटं आडवी धरून अक्षरांची उंची मोजायचे. मग चहाच्या गाड्यावर जे कुणी असेल त्याला निकाल ऐकवायचे.

"पाहुणा तीन बोटं. नगराध्यक्ष दोन. गुत्तेदार दीड."

स्मारक लढाईत मेलेल्या शिपायाचं असलं तर शेवटी आवाज न बदलता म्हणायचे, "शिपाई अर्धं. तेबी करंगळी."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. लातूरला शिकून गावी परत आले होते आणि आमच्या कृती समितीची पत्रकं लिहीत होते. माझ्या पत्रकात दर चार ओळींनी एक धिक्कार असायचा. असा बोटांनी सत्तेचा हिशेब मांडणारा म्हातारा बघितला आणि मला वाटलं, सापडला आपला माणूस. हे साफ चुकीचं होतं. पेंटरमामांना व्यवस्थेचा राग नव्हता. त्यांना वाईट अक्षराचा राग होता. नगराध्यक्षाचं नाव दोन बोटं आहे यापेक्षा त्यातला 'क्ष' आडवा पडलाय, याचा त्यांना जास्त त्रास व्हायचा.

त्यांचं दुकान एसटी स्टँडाच्या भिंतीला टेकून होतं. पत्र्याची शेड. अख्ख्या तालुक्याच्या पाट्या रंगवणाऱ्या या माणसाच्या दुकानावर पाटी नव्हती. विचारलं तर म्हणायचे, "ज्याला ठावं हाय तो येतो. ज्याला ठावं न्हाई त्याला माझं काय काम?"

काम तसंही उरलं नव्हतं. फ्लेक्स आलं आणि दुकानांच्या पाट्या गेल्या, प्रचाराच्या भिंती गेल्या. राहिल्या त्या पेट्या. आमच्या आणि आसपासच्या गावांतून फौजेत भरती झालेला प्रत्येक पोरगा काळी लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन मामांकडं यायचा. तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा लिहायचं. खाली रेल्वे स्टेशन. हे काम मामा फुकट करायचे, पण त्यांच्या पद्धतीनं. आधी पोराला पेटीवर बसवायचे. समोर स्टुलावर स्वतः बसायचे आणि पाच-दहा मिनिटं त्याच्याकडं नुसतं बघायचे. पोरगं अवघडून जायचं. एकानं माझ्यादेखत विचारलं, "मामा, काय बघून राहिलात?"

"तू परत आल्यावर वळखू यावा म्हणून बघून राहिलो. माणूस बघितल्याबिगर मी नाव लिहीत न्हाई."

लिहून झालं की पोराची तक्रार ठरलेली. नाव बारीक, स्टेशन मोठं.

"मामा, माझं नाव तर दिसतच न्हाई. उदगीरच दिसतंय नुसतं."

"तुझं नाव तुला पाठ हाय का?"

"हाय की."

"हमालाला हाय का?"

"न्हाई."

"पेटी हमाल उतरवतो. त्याला तुझ्याशी काय घेणं? त्याला उदगीर दिसलं म्हंजे झालं. स्टेशन बरोबर असलं की सामान घरी येतंय."

सामान म्हणायचे, माणूस म्हणायचे नाहीत. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आणि मग ती खूण. मामांनी हा उद्योग सुरू केला तेव्हा इकडच्या आयांना आणि बायकांना वाचता येत नव्हतं. स्टेशनवर दहा काळ्या पेट्या उतरल्या तर आपली कुठली हे त्यांना कळावं कसं? म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला मामा एक छोटं रंगीत चित्र काढून द्यायचे. बाहेर चित्र काढलेलं फौजेला चालत नाही. "भायेरची बाजू सरकारची, आतली घरची," असा त्यांनी स्वतःच कायदा केला होता. चित्र कशाचं, हे घरातल्या बाईनं सांगायचं. कुणी पोपट सांगायची, कुणी आंबा, कुणी जोंधळ्याचं कणीस. एका म्हातारीनं आपली म्हैस सांगितली. मामा तिच्या गोठ्यात जाऊन म्हैस बघून आले आणि डावं शिंग मोडलेलं होतं तसंच मोडलेलं काढलं.

आताच्या आया शिकलेल्या आहेत. तरी मामा विचारायचेच. एक पोरगा म्हणाला, "माझी आई पेटीचा फोटो मोबाईलवर बघती, मामा. चित्र कशाला?"

"मोबाईल पडला तर?"

"दुसरा घेईल."

"बरं. तिला विचारून ये, कशाचं काढू."

पोरगा विचारून आला. आईनं गुलाबजाम सांगितला होता. मामांनी दोन काढले.

या खुणेचा दुसराही उपयोग होता, तो कुणी बोलून दाखवायचं नाही. कारगिलला गेलेल्या आमच्या गावच्या पोराच्या आईनं कंदील मागितला होता. पोराच्या देहामागून काही दिवसांनी त्याची पेटी घरी आली. तिनं झाकण उघडलं, कंदील बघितला, झाकण लावलं आणि मग रडली. तोवर, म्हणजे त्याला माती देऊन झाल्यावरसुद्धा, ती रडली नव्हती. मामांनी त्यानंतर महिनाभर दुकान उघडलं नाही.

अशा माणसाचं आणि आमच्या घोषणांचं जमणं शक्य नव्हतं. एकदा आम्ही चौकात 'अमर रहे'च्या घोषणा देत होतो. मामा शिडी खांद्यावर घेऊन चालले होते, ते थांबले.

"कोण अमर?"

"शहीद जवान, मामा."

"तो तर मेला."

"तसं नाही. विचारानं अमर."

"त्याचा इचार मला म्हाईत हाय," मामा म्हणाले. "त्याचा इचार दिवाळीला घरी यायचा व्हता."

माझं डोकं फिरलं. पुढच्या पत्रकात मी 'हुतात्म्यांबद्दल उदासीन असलेली जुनी, थंड पिढी' असं एक वाक्य घातलं आणि पत्रक मुद्दाम मामांना नेऊन दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, उजेडाकडं धरलं आणि म्हणाले, "छपाई बरी हाय. कुठं केली, उदगीरला का?"

हुतात्म्यांच्या पुण्यतिथीला लागणारे फ्लेक्सही ते याच नजरेनं वाचायचे. वर चौदा नेते, सगळे हसतमुख, आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा शिपाई. मामा बोट फिरवत मोजायचे. "मेलेला एक. हसणारे चौदा." या बाबतीत मात्र आमचं एकमत होतं, आणि त्याच एकमतावर मी सगळं उभं केलं.

आमच्या गावचे चार जवान लढाईत गेले. पासष्टला एक, एकाहत्तरला दोन, कारगिलला एक. नगरपंचायतीनं त्यांचं स्मारक मंजूर केलं. नकाशा बघितला तर शिळेचा वरचा अर्धा भाग पाहुण्यांचा होता आणि जवानांना तळाला 'व इतर' छापाची एक ओळ होती. आम्ही नगरपंचायतीसमोर धरणं धरलं. मागणी एकच, चारही जवानांची नावं चार-चार बोटं आणि पाहुण्याचं एक बोट. मोजमापाचं एकक मामांचं, ते आम्ही तसंच निवेदनात घातलं. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "बोट म्हणजे किती सेंटीमीटर?" मी म्हणाले, "तुमच्या बोटावर अवलंबून आहे." निवडणूक जवळ होती. आमचं सगळं मान्य झालं. गावात पहिल्यांदा एखादं आंदोलन जिंकलं होतं आणि ते मी जिंकलं होतं. अक्षरं आखायची मामांनी, कोरायची उदगीरच्या पाथरवटानं, असं ठरलं.

मी चार नावांची यादी मामांना दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती परत केली. तीन नावांवर खूण होती.

"तीन आखतो. चौथं न्हाई."

"का?"

"घरच्यांची परवानगी न्हाई."

चौथं नाव मन्मथ यांचं. एकाहत्तरचे. त्यांच्या बायकोला सगळं गाव आक्का म्हणतं. सत्तरीच्या पुढची बाई, धान्याच्या मोंढ्यामागच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातभर हिरवा चुडा. मी लहानपणापासून बघत आले होते आणि मला त्यात कधी काही वेगळं दिसलं नव्हतं. लोकांच्या प्रश्नांवर लिहिणाऱ्या माणसाला शेजारचा माणूस दिसत नाही, हा नियम आमच्या समितीतही लागू होता.

मी संमतीचा कागद घेऊन गेले. आक्कांनी भुईमुगाच्या शेंगा आणि गूळ पुढ्यात ठेवला.

"आक्का, अंगठा पाहिजे."

"कशापायी?"

"मन्मथकाकांचं नाव स्मारकावर घ्यायचंय. लढाईत गेलेल्यांच्या."

"तो गेला कशावरून?"

"तार आली होती ना."

"तार कुणीबी करतं."

"आक्का, तुम्हाला दर महिन्याला पेन्शन येते."

"तो पाठवतो म्हणून येते. तो नसता तर मला कोण कशाला पाठवंल?"

सरकारी योजनांची मी जाणकार समजली जायचे. मी संमतीच्या कागदाची घडी घातली.

आक्का उठल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. कोपऱ्यात पाटावर एक काळी पेटी होती, पुसून लख्ख ठेवलेली. "ही लढाईनंतर आली. माझी न्हाई. कुणाच्या तरी घरची हाय. पन्नास वर्षं झाली, त्यात दाणा ठिवला न्हाई का चिंधी ठिवली न्हाई. कुणी मागायला आलं तर जशीच्या तशी द्यायला पाह्यजे."

"पण आक्का, वर नाव आहे. मन्मथ. गाव आपलं. स्टेशन उदगीर."

"तू वाचतीस म्हणून झालं का? मला अक्षर काय कळतंय? मला जे कळतं ते बग." त्यांनी झाकण उघडलं. आत कोरा काळा पत्रा. "हितं खार पाह्यजे व्हती. हाय का?"

नव्हती.

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. त्या दिवसभर शेंगा कुरतडत बसायच्या म्हणून नवरा त्यांना खार म्हणायचा. तो रजेवर आला तेव्हा नवी पेटी घेतली. पेंटरनं विचारलं, वैनी, खूण कशाची? त्या म्हणाल्या, खारीची. तेवढ्यात रजा रद्द झाल्याची तार आली आणि पेटी पेंटरच्या दुकानातून थेट एसटीच्या टपावर गेली. त्यांनी ती बघितलीच नाही. पेंटरला विचारलं, काढली का? तो म्हणाला, काढली की वैनी, फक्कड काढलीय, शेपूट असं वर. पुढं त्या लढाईत माणसं घरी यायची नाहीत. तार यायची, मागून पेटी यायची. पेटी आली. त्यांनी झाकण उघडलं. खार नव्हती.

"पेटी त्याची न्हाई," आक्का म्हणाल्या. "म्हंजे तार बी त्याची न्हाई. सरकारनं ह्याची पेटी त्याला घातली, ह्याचा कागद त्याला जोडला. माणसं बी तशीच इकडची तिकडं केली असतील. तो कुठंतरी अडकला हाय."

हा युक्तिवाद मला खोडता येईना. सरकार एकाचा कागद दुसऱ्याला जोडतं, हे मी स्वतः तीन वर्षं भोंग्यावरून सांगत होते.

पण मी अक्षरं वाचली होती. सगळ्यांत मोठं 'उदगीर' होतं. त्यातल्या शेवटच्या 'र'ची दांडी जराशी वर उचललेली होती, जशी गावातल्या प्रत्येक जुन्या पाटीवर असते. मी तशीच दुकानात गेले.

"मामा, ती पेटी तुमच्या हातची आहे."

"असंल, नसंल. काळ्यावर पांढरं सगळं सारखंच दिसतंय."

हा माणूस चालत्या एसटीतून पुढच्या ट्रकवरचं अक्षर बघून सांगायचा की हे निलंग्याच्या पेंटरचं आहे आणि त्यानं ते घाईत केलंय. मी म्हणाले, "मामा, तुम्ही खोटं बोलताय."

"हाव," मामा म्हणाले आणि ब्रश धुवायला लागले.

माझ्या सवयीप्रमाणं मी विरोधाची तयारी करून गेले होते. समोरच्यानं एका शब्दात कबूल केलं की माझी पंचाईत व्हायची. मी स्टुलावर बसले. ब्रश पुसून झाल्यावर ते स्वतःच बोलले.

"खार जमत नव्हती. पोपट जमतो, बैल जमतो, म्हैस जमली. खार एका जागी बसत न्हाई, तिला बघावं कसं? काढली की उंदीर व्हायचा. मन्मथ माझा दोस्त. लढाईला निघालेल्या दोस्ताच्या पेटीत उंदीर घालायचा का? त्याला म्हणलं, पुढच्या रजेला काढतो. वैनीला म्हणलं, काढली."

"आणि पेटी परत आल्यावर?"

"सांगायलाच गेलो व्हतो. दारात उभारलो तर वैनी मलाच म्हणली, पेंटर, ह्यात तुमची खार न्हाई. तुमच्या खारीनं मला वाचवलं. आता सांग, तू काय केलं असतंस?"

"खरं सांगितलं असतं."

"तू चोवीस वर्षांची हायस," मामा म्हणाले. टोमणा नव्हता, वय सांगावं तसं सांगितलं. मग त्यांनी शेडच्या मागचा पत्रा सरकवला. तिथं रंगाच्या डब्यांची झाकणं रचून ठेवली होती, गंजलेली, वर्षानुवर्षांची. प्रत्येक झाकणावर एक चित्र होतं. मी दहा-बारा उलटून बघितली. सगळे उंदीर होते.

दया यायला पाहिजे होती. मला संताप आला. एका कारागिराच्या ऐटीपायी एक बाई पन्नास वर्षं दाराकडं बघत बसली होती. तिला खरं कळण्याचा हक्क होता, आणि त्या मेलेल्या माणसालाही आपलं नाव मिळण्याचा हक्क होता. मी हे सगळं मामांना ऐकवलं, आणि शेवटी म्हणाले, "तो लढाईत मेला, मामा, आणि तुम्ही त्याला एका उंदरापायी जिवंत ठेवलंत."

मला ते वाक्य आवडलं होतं. पत्रकाला मथळा म्हणून शोभलं असतं. मामांनी पत्रा पुन्हा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. हातात रंगाच्या पिशवीशिवाय काही नव्हतं. "चल," म्हणाले. "तू पाह्यजेस. मी मधीच माघारी फिरलो तर धरून आण."

आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मामा पायरीवरच टेकले.

"वैनी, एक बोलायचं राहिलंय."

"बोला की."

"मन्मथच्या पेटीत खार काढली नव्हती मी."

आक्कांचा हात चालूच होता. दोन-चार शेंगा झाल्यावर त्या म्हणाल्या, "काढली म्हणला व्हता."

"खोटं बोललो."

"कशापायी?"

"जमत नव्हती."

"शेपूट असं वर, म्हणला व्हता."

"तेबी खोटं."

आक्कांनी टरफलं सुपात गोळा केली. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या आणि मामांकडंही नाही. मला वाटलं आता रडतील. त्यांना धरायला मी पुढं सरकून बसले. सांत्वनाची वाक्यंही मनात तयार होती.

"मग आता जमती का?" आक्का म्हणाल्या.

मामांना हे अपेक्षित नव्हतं. "बगतो की."

"काढा मग. तुमची खार कशी असती ते मी तरी कुठं बघितलंय? ती बघते आणि मग सांगते पेटी कुणाची."

पेटी ओट्यावर उजेडात आणली. मामांनी झाकण भिंतीला टेकवलं, गुडघे मोडून समोर बसले आणि कानावरचा ब्रश काढला. एरवी त्यांच्या हाताला आधार लागायचा नाही. आज डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी पहिली रेघ ओढली. दीड तास लागला. आक्का मधे उठून चहा करून आल्या, तो तसाच निवला. मी शेजारी उभी राहून बघत होते. पाठीचा बाक आला, तीन पट्टे आले, पुढचे दोन पाय तोंडाशी आले, त्यात शेंग आली. झुबकेदार शेपूट वर गेलं. शेवटी त्यांनी डोळ्यात पांढऱ्याचा एक ठिपका दिला आणि मागं सरकले.

ती खार होती. मला चित्रातलं काही कळत नाही, पण ती खार होती हे शेंबडं पोरगंही सांगू शकलं असतं. आता पाय वाजवला तर पळेल अशी खार. मामा स्वतः तिच्याकडं तोंड किंचित उघडं ठेवून बघत होते. पन्नास वर्षांत त्यांना पहिल्यांदा जमली होती.

आक्का वाकल्या. डोळे बारीक करून त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. पदरानं हात पुसले, रंगाला लागणार नाही असं एक बोट शेपटाजवळ नेलं आणि मागं घेतलं.

"ही खार न्हाई, पेंटर," त्या म्हणाल्या. "उंदीर हाय."

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, मी बोलणार होते. खरं बोलणं हा माझा धंदा होता. पण मामांनी आधी आक्कांकडं बघितलं, मग एकदा त्या खारीकडं.

"हाव, वैनी," ते म्हणाले. "उंदीरच हाय."

"मग पेटी त्याची न्हाई."

"न्हाई."

"चहा निवला तुमचा. दुसरा टाकते."

स्टँडाजवळ आल्यावर मला राहवलं नाही. "मामा, खार किती सुंदर आली होती."

"म्हाईत हाय मला," ते एवढंच म्हणाले आणि दुकानाकडं वळले.

त्यानंतर मी आयुष्यात पहिल्यांदा एका कार्यालयाला खोटं पत्र लिहिलं. 'चौथ्या जवानाबाबत खात्रीलायक माहिती उपलब्ध नसल्याने सदर जागा तूर्त रिकामी ठेवण्यात यावी.' ही भाषा मला पाठ होती. आजवर ती मला आलेल्या पत्रांत असायची. मुख्याधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि ताबडतोब मंजूर केलं. माझं इतक्या लवकर मंजूर झालेलं ते एकमेव पत्र. समितीतल्या पोरांनी मला फितूर म्हटलं. एकानं माझ्याविरुद्ध पत्रक काढलं. त्यात धिक्कार तीनदा होता आणि तो मीच त्याला शिकवला होता.

पेंटरमामा गेल्या वर्षी गेले. त्यांना मूठमाती द्यायला आसपासच्या गावांतून रजेवर आलेली, निवृत्त झालेली बरीच माणसं आली होती आणि बहुतेकांच्या घरी त्यांच्या हातची पेटी होती. दुकान त्यांच्या मुलानं मोबाईलच्या रिचार्जला दिलं. झाकणांचा ढीग भंगारात गेला असणार. मी चौकशी केली नाही.

मला ते आठवतात ते स्मारकाच्या उद्घाटनाच्या दिवशीचे. पाहुणे दोन तास उशिरा आले. पडदा ओढला. तीन नावं चार-चार बोटं, खाली पाहुण्यांचं एक बोट, आणि मधे एक ओळ मोकळी. पाहुणे आपलं नाव शोधत होते, ते सापडल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग त्यांचं लक्ष मोकळ्या ओळीकडं गेलं आणि त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना काहीतरी विचारलं. मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी आकाशाकडं बघितलं.

तीन घरच्या बायकांना स्टेजवर बोलावून शाल दिली. कारगिलच्या पोराची आई उभी राहिली तेव्हा तिचा तोल गेला, तिला दोघांनी धरलं. आक्का खाली बसलेल्या बायकांत होत्या, हिरवा चुडा, डोक्यावरून पदर. स्टेजवर बसायचा त्यांचा हक्क नव्हता, कारण त्यांचं कुणी गेलेलं नव्हतं. त्या म्हातारीकडं बघून त्यांनी डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, "लई वाईट झालं बग हिच्यासंगं."

मंडपाच्या कडेला, आक्कांच्या मागं, मामा उभे होते. ते वाकून हळूच म्हणाले, "वैनी, नावांखालची एक ओळ मोकळी ठिवलीय."

आक्कांनी शिळेकडं बघितलं. वाचता येत नसलं तरी मोकळी जागा त्यांना दिसत होती.

"ऱ्हाऊ द्या तशीच," त्या म्हणाल्या. "तिथं कुणाचंच नाव यायला नको."